उलट बोलायचं नाही

बाळं सांभाळणाऱ्या बायकांसाठी मी जो पहिला अभ्यासक्रम लिहिला, त्यातला पहिला तास 'वागणूक' हा होता. पोषण दुसऱ्या दिवशी, प्रथमोपचार अगदी शेवटी. पहिल्या तासाला मी फळ्यावर काही वाक्यं लिहायचे आणि बायका ती वहीत उतरवून घ्यायच्या: वेळेवर यावं, नखं कापलेली असावीत, घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, सांगितलं तेवढंच करावं, उलट बोलू नये. शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारायचे. ज्या घरांत या बायका कामाला जाणार होत्या त्या घरांना काय हवं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तसल्याच एका घरात मी राहते.

पुण्याच्या पूर्वेला, हडपसर-खराडी-वाघोलीच्या पट्ट्यात तेव्हा अशा बायकांना फार मागणी होती, आजही आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही कायद्यात आलं. पण २६ आठवडे संपतात तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं, नुकतं कुठे वरणाचं पाणी चाटायला लागलेलं. एवढ्या बाळाला सकाळी गुंडाळून कंपनीत घेऊन जायला पुष्कळ आया तयार नसतात. मग घरी येणारी बाई शोधली जाते. आमच्याकडे येणाऱ्या बायका लातूर, बीड, धाराशिवकडच्या. नवरा बांधकामावर किंवा रिक्षावर, आणि धुण्याभांड्यापेक्षा बाळ सांभाळण्याला पगार बरा म्हणून शिकायला आलेल्या.

मी त्याआधी पाळणाघर चालवलं होतं. तोच अनुभव कागदावर उतरवून मी अभ्यासक्रम केला, आणि पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ त्यात आहे. पाळणाघरात शेजारी दुसरी बाई असते, एक वही असते, अडलं तर हाक मारायला मी असायचे. घरात एक बाळ, एक बाई आणि बंद दार. कॅमेऱ्यातून बघणारे असतात, विचारायला कुणी नसतं. या फरकाकडे माझं लक्षच गेलं नाही.

नमुना शोधत मी थेट इंग्लंडपर्यंत गेले होते. तिथे बाथ शहरात नॉरलँड नावाचं कॉलेज आहे. एमिली वॉर्ड या बाईंनी १८९२ साली लंडनमध्ये ते सुरू केलं. मुलं सांभाळण्याचं तीन वर्षांचं पदवीशिक्षण, त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष एखाद्या घरात काम. स्वयंपाक, शिवण, बालमानसशास्त्र, एवढंच काय, निसरड्या रस्त्यावर गाडी कशी आवरायची हेसुद्धा शिकवतात. आणि तो प्रसिद्ध तपकिरी गणवेश. एवढ्या सगळ्यातून मी काय उचललं? गणवेश. आमच्या बायकांना निळे कुर्ते शिवले, खिशावर संस्थेचं नाव भरून घेतलं, फोटो काढले. नॉरलँडची मुलगी तो पोशाख घालून दारात उभी राहते तेव्हा तिचा पगार, तिचे तास, तिची खोली सगळं आधी ठरलेलं असतं. आमच्या सोसायट्यांमध्ये निळ्या कुर्त्याने एवढंच झालं की वॉचमनला लांबूनच कळायला लागलं, हिला कामवाल्यांच्या लिफ्टने पाठवायचं. साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये त्या बाळाची कुणीतरी आत्या-मावशी म्हणून बागेतल्या बाकावर बसू शकत होत्या, तेही गेलं. कुर्ते घरून पिशवीत येऊ लागले, तेव्हा मी त्याला बेशिस्त म्हटलं आणि दंड लावला.

भाषेचंही तसंच. 'लेकरू झोपायलंय', 'काय करायलास रे' असं कुणी म्हटलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. पालकांना चांगली भाषा लागते, असं सांगायचे. चार इंग्रजी वाक्यंही पाठ करून घेतली होती. नंतर एका घरी मी सहज गेले. आमची बाई बाळाला मऊ भात भरवत होती. घास, पाणी, घास, पाणी. तोंडातून अवाक्षर नाही. समोर टीव्ही चालू. हीच बाई वर्गात चहाच्या सुट्टीत हातवारे करकरून गावाकडचे किस्से सांगायची आणि सगळ्या जणी पोट धरून हसायच्या. तिला विचारलं, "बाळाशी बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "चुकंल म्हणून."

तीन वर्षांच्या आतलं मूल भाषा शिकतं ते समोरच्या माणसाकडून. ते हुंकार देतं, आपण उत्तर देतो, ते पुन्हा काहीतरी म्हणतं. यावर मी अख्खा तास घेत असे, चित्रं दाखवून. आणि त्याच वर्गात, ज्या तोंडांतून ते शब्द यायचे ती तोंडं मी बंद करत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं मी उद्घाटनाच्या भाषणात घेत असे. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी वारली मुलांसाठी बालवाड्या काढल्या. मुलं शाळेकडे येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि शिंपले, बिया, पानं, दगड अशा तिथेच मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं बनवली. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आमच्याकडे लेखी परीक्षेत पहिल्या येणाऱ्या बाईला बक्षीस म्हणून देत होते. पुस्तक निवडताना चूक नव्हती. मी ते पुन्हा वाचायला हवं होतं.

मालिशीची गोष्ट सांगायला मला जास्त जड जातं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी घरची, भावकीतली तान्ही बाळं न्हाऊमाखू घातलेली. पाय लांब करून त्यावर बाळ घ्यायचं, एका हाताने मान सावरायची आणि दुसऱ्या हाताने सगळं करायचं, यात त्यांचा हात असा बसलेला की बघत राहावं. मी प्लास्टिकचा टब आणला. फळ्यावर 'अंधश्रद्धा' असं शीर्षक देऊन यादी केली: काजळ, नाकाकानात तेल, गुटीत मध, धुरी, मालिश. आणि सगळ्यावर एकच मोठी फुली. यातल्या बहुतेकांना कारणं होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बोट्युलिझम या विषबाधेचे जिवाणू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्याला ते झेपत नाहीत. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. धुरी तर सरळ धूरच. पण मालिश? हलक्या हाताने केलेल्या मालिशीला कुठला बालरोगतज्ज्ञ नको म्हणतो? ती त्या यादीत कशी आली याचं प्रामाणिक उत्तर एवढंच आहे, की ती करणाऱ्या बायका माझ्यासमोर बसल्या होत्या आणि शिकवणारी मी होते.

त्याचा परिणाम असा झाला की यादीतलं काहीच बंद पडलं नाही. फक्त माझ्या कानांपर्यंत यायचं थांबलं. एका घरी आजी गुटी मधात उगाळून देत होत्या. आमच्या बाईला माझ्या वर्गातली फुली आठवत होती, कारण आठवत नव्हतं, कारण मी ते घाईत उरकलं होतं. आजींना ती काय सांगणार? दोघींनी मिळून ठरवलं, मॅडमला कळवायचं नाही. मला हे कळलं तोवर बाळ वर्षाचं होऊन गेलं होतं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लेखी होती, आणि एवढ्यावरूनच ओळखा. एका मावशींबद्दल मात्र सांगायला हवं. शाळा चौथीत सुटलेली, वय पन्नाशीला आलेलं. प्रात्यक्षिकासाठी मी एका खोलीत मुद्दाम धोके मांडून ठेवले होते: पाण्याची अर्धी बादली, लोंबणारी चार्जरची वायर, उशीखाली नाणी, रिमोटमधला सुटा बटणसेल. बटणसेल गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजायला लागते, बादलीतलं वीतभर पाणी रांगत्या मुलाला पुरतं, हे मी शिकवलेलं. मावशींनी मांडलेलं सगळं शोधलं आणि मग मी न मांडलेलं दाखवायला लागल्या. दिवाण खिडकीला लावून ठेवलाय, वर चढलं की लेकरू गजाशी. दाराला आतून कडी आहे, ती खाली ओढली की मूल आत आणि आपण बाहेर. डब्यात भाजलेले शेंगदाणे, झाकण सैल. हा शेवटचा मुद्दा तर माझ्या पुस्तकातच नव्हता. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा नेहमीचा. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, दुर्बीण घालून काढावा लागतो. मावशी लेखी परीक्षेत नापास झाल्या आणि मी त्यांना प्रमाणपत्र दिलं नाही. "नियम सगळ्यांना सारखा," असं म्हटल्याचं आठवतं. त्या पुन्हा धुण्याभांड्याला लागल्या.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहायला बसले, तो.

अकरा महिन्यांचं बाळ, वजन नऊ किलोच्या आसपास. आईने फ्रिजवर चिठ्ठी लावलेली: ताप १०० च्या वर गेला तर पाच मिली द्यायचं. चिठ्ठी बरोबर होती. घरात होतं ते पॅरासिटामॉलचं सिरप, पाच मिलीत १२० मिलिग्रॅम. नऊ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर साधारण १३५ लागतं, म्हणजे १२० ठीकच. ती बाटली संपली. घरातल्या कुणीतरी मेडिकलमधून नवी आणली, नाव तेच, चित्र जवळजवळ तेच. पण ते होते थेंब. तान्ह्या बाळांना ड्रॉपरने देतात ते. त्यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं.

दुपारी ताप चढला. आमच्या बाईने चिठ्ठी वाचली, बाटली घेतली. ड्रॉपरवरच्या खुणा एका मिलीलाच संपत होत्या. पाच मिली द्यायचं म्हणजे तो पाच वेळा भरावा लागणार. तिला ते विचित्र वाटलं. तिने आईला फोन केला. आई मीटिंगमध्ये होती, उलट मेसेज आला, 'चिठ्ठीप्रमाणे दे.' तिने दिलं. पाच वेळा.

संध्याकाळी आईने बाटलीतली पातळी पाहिली आणि बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी हिशेब केला: ५०० मिलिग्रॅम, किलोमागे ५५ च्या आसपास. एका वेळच्या डोसने यकृताला इजा होण्याची भीती साधारण १५० च्या पुढे असते, त्यामुळे बाळाला काही झालं नाही. लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं. पण ताप उतरला नाही म्हणून हाच डोस दर सहा तासांनी, दोन दिवस गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असंही ते म्हणाले.

बाईला त्याच रात्री कामावरून काढलं. मला फोन आला, फोनवर बराच आरडाओरडा झाला, आणि फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते कपाट उघडण्याचं. हजेरीपट काढला. 'औषध फक्त पालकांच्या लेखी सूचनेप्रमाणे द्यावे' या ओळीखाली तिची सही होती. ते पान मी त्या घराला पाठवलं. आम्ही शिकवलं होतं, हे दाखवायला.

त्या पानाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला बरेच महिने गेले. तिने ते तंतोतंत पाळलं होतं.

ती दुसरीकडे पोळ्या लाटायला लागली होती. रस्त्यात भेटली तेव्हा मी विचारलं, तुला शंका आली नव्हती का? "आली व्हती की," ती म्हणाली. "फोन केला ना म्हणून. पर मेसेज आला, चिठ्ठीपरमानं दे. आन् तुम्हीच सांगितलं व्हतं, सांगितलं तेवढंच करायचं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मी काय शिकवलं होतं ते ती आठवण करून देत होती, विद्यार्थिनीने बाईंना द्यावी तशी.

तिला औषधातलं कळत नव्हतं असं नाही. ड्रॉपर पाच वेळा भरताना जे खटकलं, ते कुठल्याही फार्मसिस्टला खटकलं असतं. तिच्याकडे नव्हतं ते 'मी देणार नाही' म्हणायचं बळ, आणि ते तिच्याकडे पहिल्या दिवशी थोडंफार असलंच तर मी ते रेघ मारून काढून घेतलं होतं. गप्प पिशवीत जाणारे कुर्ते, टीव्हीसमोरचे मुके घास, मधाची लपवलेली गुटी: ही सगळी लक्षणं मला आधी दिसली होती. प्रत्येक वेळी मी बायकांनाच दुरुस्त केलं.

आता पहिला तास नकाराचा असतो. बायका उभ्या राहून मोठ्याने म्हणतात: "बाटली वेगळी आहे, फोटो पाठवलाय, तुम्ही बघून सांगितल्याशिवाय मी देणार नाही." वहीत नाही, तोंडाने. सुरुवातीला लाजतात, तोंडावर पदर घेतात. मग एकीला मालकीण करायचं, दुसरीने नकार द्यायचा. मालकिणीची भूमिका सगळ्यांनाच हवी असते. फोनवर बोलत बोलत दुसऱ्या हाताने 'जा, जा' करणारी, "मावशी, तुम्ही घरच्याच आहात" म्हणत सात वाजेपर्यंत थांबवून घेणारी. एवढ्या हुबेहूब नकला करतात की मला माझीच दोन-तीन वाक्यं त्यांत ऐकू आली आहेत.

फुलीची यादी गेली. त्याजागी बायकाच आपापल्या घरची पद्धत करून दाखवतात आणि मग त्यातलं काय ठेवायचं, काय टाळायचं आणि का, यावर बोलणं होतं. न्हाऊ घालायला आता मावशी शिकवतात. हो, त्याच. मी त्यांच्या घरी गेले, प्रमाणपत्र घेऊन गेले होते. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दिवसाचे किती देणार ते विचारलं. घास अडकल्यावर काय करायचं ते बाहुलीवर एकदा दाखवून मी आधी मोकळी होत असे. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीत पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही. जुन्या विद्यार्थिनींना काही महिन्यांनी बोलावून करायला लावलं तेव्हा बहुतेकींचं बोट आधी बाहुलीच्या तोंडात गेलं. म्हणून आता दर थोड्या महिन्यांनी परत बोलावतो. त्या दिवसाचा खाडा घर कापून घेतं का, हा नवा प्रश्न त्यातून निघाला.

सुट्टी, पगार, तास यांचा एक शब्दही माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. ते युनियनवाल्यांचं काम, असं मी समजत होते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, त्याखाली नोंदणी होते, हे मी बायकांना सांगितलंच नव्हतं. मलाच तो उशिरा कळला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी केलेल्या करारात आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी लिहिलेली आहे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. मी तरी कुठे स्वीकारला होता? आठवड्याचे सातही दिवस कामाला जाणाऱ्या बाईला मी बाळाशी शांतपणे, न चिडता कसं वागायचं ते शिकवत होते. तिची स्वतःची मुलं त्या वेळी कुणाकडे असतात, हे मी प्रवेशअर्जात विचारायला लागले तेही अलीकडेच. बहुतेक ठिकाणी उत्तर असतं: थोरली बघते. थोरलीचं वय नऊ, दहा.

पालकांसाठी आता दोन तासांची बैठक असते. औषधाचा तक्ता वजनाप्रमाणे, डॉक्टरांचा नंबर, आई-बाबा दोघांनी फोन उचलला नाही तर तिसरा नंबर कुणाचा, कॅमेरे कुठे आहेत ते बाईला सांगितलंय का, रविवार कुणाचा. काही जण येतात, वहीही आणतात. काही जण ड्रायव्हरला पाठवतात. काही जण म्हणतात, ट्रेनिंग तिला द्या ना, आम्हाला कशाला. जे येत नाहीत त्यांच्या घरी बाई पाठवायची नाही असा नियम मी केला होता. तो महिनाभरही टिकला नाही, कारण घरी बसलेल्या बाईचं खोलीभाडं थांबत नाही.

चौकशीचे फोन येतात त्यांतला पहिला प्रश्न बदललेला नाही: "स्वभावाने कशी आहे?" मध्यंतरी मी ठरवून उत्तर द्यायला लागले होते, "चांगली आहे, शंका आली तर विचारते, पटलं नाही तर स्पष्ट सांगते, रविवारी येत नाही." मला ते सांगताना बरं वाटायचं. पलीकडून बहुतेक वेळा "कळवतो" असं यायचं आणि मग कुणी कळवायचं नाही. एकदा असाच फोन ठेवला, तर जिच्याबद्दल बोलत होते ती बाई समोरच बसलेली. म्हणाली, "ताई, असं फोनवर नका सांगत जाऊ. कामाला लागू द्या आधी. आठ दिवसांत बाळ अंगावर येतंय, मग मी बोलते काय बोलायचं ते. तवर गप राहायचं का नाही ते माझं मी बघते."

आता फोन आला की उचलण्याआधी मी जिच्यासाठी आहे तिला विचारते, काय सांगू?